जेवून तासभरही होत नाही, मॅडम...

"माझा मनावर ताबाच नाही." पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड, असलेल्या मुलींकडून हे इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्य मला आधीच ठाऊक असतं: "जेवून तासभरही होत नाही, पुन्हा खावंसं वाटतं."

त्यांतलीच ही एक, तपशील बदलून सांगते. पाळी अनियमित, हनुवटीवर केस, वजन वाढतं. रोज रात्री वहीत लिहायची, ‘आज पुन्हा हरले.’ पहिल्या तीन भेटी मी नुसतं ऐकलं. सल्ल्याची घाई केली असती तर वहीत आणखी एक हार जमा झाली असती.

चौथ्या भेटीत विचारलं, "भूक लागते, ती कुणाची चूक?"

"माझीच."

"आणि शिंक येते ती?"

ती हसली. मग मी पोटाची बाजू मांडली. जठरातून पाझरणारं घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक जेवणाआधी वाढतं, जेवल्यावर उतरतं. आतड्यातली कोलेसिस्टोकायनिन, जीएलपी-१ ही संप्रेरकं मेंदूला ‘पुरे’ म्हणून कळवतात. पीसीओएस असलेल्या काही जणींत जेवणानंतर घ्रेलिन पुरेसं उतरत नाही, कोलेसिस्टोकायनिन कमी वाढतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. सगळ्यांत नाही, म्हणून मी याला निदान म्हणत नाही. शिवाय अनेकींच्या पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत. रक्तात ते चढतं आणि अंडाशयाला जादा पुरुषी संप्रेरकं बनवायला लावतं.

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे पोट भरल्याचा निरोपच नीट पोचत नाही?"

शरीरशास्त्र हे डॉक्टरांचं काम, असं मी वर्षानुवर्षं मानत आले. त्या दिवशी कळलं, दोष उतरवायलाही ते लागतं. आधी दोष उतरवायचा, सवयीला हात नंतर, हा माझा जुना हट्ट. तो पुन्हा एकदा खरा ठरला, हे लपवत नाही.

पुढच्या भेटीत वही तिनंच पुढे केली: ‘भूक १० पैकी ७. झोप ५ तास.’

सगळ्याच जणींना मी हेच सांगते. जेवण टाळून भरपाई करू नका. उपासमारीनं वजन उतरवलं की घ्रेलिन वाढतं, आणि २०११च्या एका अभ्यासात ते वर्षभरानंतरही चढलेलंच होतं. जेवणाच्या वेळा शक्यतो ठरलेल्या ठेवा, प्रत्येक जेवणात प्रथिनं आणि तंतुमय पदार्थ असू द्या. झोप अपुरी झाली तरी भूक वाढते. भूक कमी करणाऱ्या जीएलपी-१च्या इंजेक्शनांबद्दल डॉक्टरांनाच विचारा, आणि मूल हवं असेल तर ते आधी सांगा. लपून खाणं किंवा खाऊन ओकारी काढणं सुरू असेल, तर पहिल्याच भेटीत बोला. मी रागावत नाही.