सासवडला जाऊ द्या त्याला

कोथरूडच्या एका आईचं पत्र आलंय. मुलाला दहावीला ८६ टक्के मिळालेत. चौथीपर्यंत तो मुलांच्या कलाने चालणाऱ्या शाळेत होता, घरीही सगळं त्याला विचारूनच झालं. आता सायन्स की कॉमर्स असं विचारलं की तो म्हणतो, 'तुम्हीच ठरवा.' फार मोकळीक दिली त्याचं हे फळ, असं वडिलांचं मत. त्यांना सायन्सचा फॉर्म भरून टाकायचाय. आईला विचारायचंय की कुठली कलचाचणी करून घ्यावी.

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी टक्क्यांपाशी नाही, दोन वाक्यांपाशी अडखळले. पहिलं: 'नववीपासून आम्ही गणिताला जुंपून घेतलं, आमचं बीजगणित छान झालं.' ताई, पेपर त्याने लिहिलाय. दुसरं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. सुट्टीत त्याला आजोबांकडे सासवडला जायचं होतं, अंजिराच्या छाटणीला, एकट्याने, पीएमपीच्या बसने. स्वारगेटला बस बदलावी लागते, पुढे दिवे घाट, म्हणून तुम्ही नको म्हणालात. 'बाबा सोडतील कधीतरी गाडीने.'

'तो काहीच ठरवत नाही' अशी तुमची तक्रार आहे. पण त्याने ठरवलं होतं की! कुठे जायचं, कसं जायचं, कशासाठी जायचं, सगळं. पंधरा वर्षांच्या मुलाने एवढं ठरवून विचारल्यावर त्याला नकार मिळाला. त्यानंतर 'तुम्हीच ठरवा' म्हणणं हा मला त्याचा आळस वाटत नाही. त्याला घरातली रीत कळलीय.

'मोकळीक दिली म्हणून बिघडलं' हे तुमच्या यजमानांचं म्हणणं मला अजिबात पटत नाही, पण 'आम्ही त्याच्या कलाने घेतलं' हे तुमचंही पटत नाही. मुलाच्या कलाने म्हणजे त्याला विचारत राहणं, हा फार पसरलेला गैरसमज आहे. माँटेसरीच्या वर्गात तीन वर्षांचं मूल खऱ्या काचेच्या भांड्यातून पाणी ओततं. सांडलं तर फडकं कुठे ठेवलंय ते त्याला माहीत असतं, आणि पुसायचंही त्यानेच. बाई एकदा सावकाश करून दाखवतात आणि बाजूला होतात. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी कुरणातच शाळा नेली, कुरणशाळा. मुलाच्या हातातलं काम काढून न घेता त्याच कामापाशी शिकवणं, याला मी कलाने घेणं म्हणते. तुम्ही त्याला टी-शर्टचा रंग विचारलात, क्लास कुठला ते विचारलंत. पण तुम्हीच लिहिलंय की दप्तर तुम्ही भरत होतात, दीड किलोमीटरवरच्या क्लासला रोज तुम्ही स्कूटरवरून सोडत होतात. पसंती त्याची आणि बाकी सगळं काम तुमचं, असं दहा वर्षं चाललं. काम करून, चुकून, परत करून जी हिंमत येते ती त्याला आणायची कुठून?

कलचाचणी आत्ता नको. ती वाईट नसते, पण ज्याने अजून फारसं काही स्वतः करून पाहिलेलं नाही, तो त्या प्रश्नांची उत्तरं तरी कशाच्या जोरावर देणार? अहवाल येईल आणि घरात ठरवणारे तुम्ही दोघं होतात, त्यात तो तिसरा येईल.

शाखांचं थोडक्यात सांगते: सायन्सकडून बारावीनंतर कॉमर्स, आर्ट्स, कायदा कुठेही वळता येतं, कॉमर्सकडून इंजिनिअरिंगला किंवा मेडिकलला नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमाही आहे. हे त्याला एकदा सांगा आणि गप्प बसा. गप्प बसणं अवघड जाईल, मला माहीत आहे.

अकरावीचा ऑनलाइन फॉर्म त्याला स्वतः भरू द्या. त्याआधी तीन-चार कॉलेजं त्याने बसने जाऊन बघावीत, किती वेळ लागतो, प्रयोगशाळा कशा आहेत, मुलं काय म्हणतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावा लागतो, एवढा एक नियम त्याच्याकडून नीट वाचून घ्या. तुम्ही शेजारी जरूर बसा, पण माउस त्याच्या हातात. तो झोपल्यावर लॉगिन करून कॉलेजांचा क्रम बदलायचा नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण माझ्याकडे आलेल्या कितीतरी घरांत हे झालंय आणि मुलांनी ते विसरलेलं नाही.

आणि हो, अंजिराचं वाचून लगेच बी.एस्सी. अ‍ॅग्रीची माहिती काढायला बसू नका. त्याला कदाचित फक्त आजोबांच्या हाताखाली कात्री धरायची असेल. तेवढंच असेल तर तेवढंच असू द्या.

त्याला बसच्या पैशांबरोबर आजोबांचा नंबर एका कागदावर लिहून द्या, मोबाइलची बॅटरी संपली तर असावा म्हणून. पोहोचल्यावर एक फोन, मध्ये नाही. अंजिराच्या खट्ट्या बहाराची, म्हणजे एका हंगामाची, छाटणी जूनमध्ये असते. ती संपायच्या आत जाऊ दे.