सीडीएसना ‘सरसेनापती’ म्हणावं का?

एका वाचकाने विचारलं आहे: “सीडीएस, म्हणजे चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ, हे देशातले सर्वांत वरिष्ठ सेनाधिकारी. मग ‘संरक्षण दल प्रमुख’ या सरकारी वळणाच्या नावाऐवजी ‘सरसेनापती’ हा आपला भारदस्त शब्द का वापरू नये?”

शब्द भारदस्त आहे खराच, आणि मला तो फार प्रिय आहे. म्हणूनच तो या पदाला लावू नये, असं माझं ठाम मत आहे. ज्याच्या हुकमाने फौज हलते तो सेनापती. सीडीएसच्या हुकमाने फौज हलत नाही.

२४ डिसेंबर २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या पदाला मान्यता दिली, तेव्हाच्या निवेदनातच हे स्पष्ट आहे: या अधिकाऱ्याकडे लष्करी हुकमत असणार नाही, तिन्ही दलांच्या प्रमुखांवरसुद्धा नाही. राजकीय नेतृत्वाला निःपक्षपाती सल्ला देता यावा, हे त्यामागचं कारण. ते संरक्षणमंत्र्यांना तिन्ही दलांच्या सामायिक बाबींवर सल्ला देतात, तिन्ही प्रमुखांच्या समितीचे कायम अध्यक्ष असतात आणि मंत्रालयातल्या सैनिकी व्यवहार विभागाचे सचिवही. सायबर आणि अवकाश या क्षेत्रांतल्या सामायिक संस्था तेवढ्या त्यांच्या हुकमतीखाली ठेवल्या आहेत. हुद्दा चार ताऱ्यांचा, तिन्ही प्रमुखांच्या बरोबरीचा, आणि पगारही तेवढाच. गणवेशातही हे दिसतं. तो मूळ दलाचाच राहतो, पण रेजिमेंटची खूण उतरते आणि खांद्यावरच्या मरून पट्टीवर तलवारी, नांगर आणि गरुड ही तिन्ही दलांची चिन्हं एकत्र येतात.

आता ‘सेनापती’ या शब्दाकडे वळू. शिवकाळात आधी ‘सरनौबत’ हा शब्द रूढ होता. ‘सर’ म्हणजे मुख्य, हे फारसी. तोच ‘सर’ आजही आपल्या ‘सरन्यायाधीशां’त आहे. शिवाजी महाराजांची बखर लिहिणाऱ्या सभासदाने घोडदळाची उतरंड नोंदवली आहे: पंचवीस बारगीरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि त्यांच्यावर सरनौबत. पायदळाचा सरनौबत वेगळा. ही उतरंड नीट पाहा. खालच्या बारगीरापासून वरपर्यंत हुकमाची साखळी कुठेही तुटत नाही, आणि सरनौबत त्याच साखळीचं वरचं टोक आहे. तो सल्लागार म्हणून बाजूला बसत नाही, रणात उतरतो. २४ फेब्रुवारी १६७४ला प्रतापराव गुजर नेसरीला पडले ते सरनौबत असतानाच. त्यांच्यानंतर हंबीरराव मोहिते आले. त्याच वर्षी राज्याभिषेकानंतर फारसी पदनामांच्या जागी संस्कृत नावं आली, पेशव्याचा पंतप्रधान, डबिराचा सुमंत झाला, तसा सरनौबताचा सेनापती. आज आपण हंबीररावांना कौतुकाने सरसेनापती म्हणतो. अष्टप्रधानांच्या यादीत मात्र नुसतंच ‘सेनापती’ आहे.

पुढे शाहू महाराजांच्या काळात या शब्दाची परवड झाली. सेनापतिपद तळेगावच्या दाभाड्यांकडे होतं. १७३१मध्ये डभईच्या लढाईत बाजीरावांच्या फौजेशी लढताना सेनापती त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले. किताब त्यांच्या घरात राहिला, फौजेची सूत्रं पेशव्यांकडे गेली. हुकमत नसलेला सेनापती मराठी इतिहासाने एकदा पाहिला आहे. आपण होऊन नव्याने तसा घडवू नये.

इंग्रजी अमलात ‘कमांडर-इन-चीफ’साठी मराठीने ‘जंगी लाट’ हा झकास शब्द काढला होता. लॉर्डाचा लाट झाला, आणि युद्धाचा म्हणून जंगी. किचनेर हे असे एक जंगी लाट. फौजेवरचा हुकूम तर त्यांच्याकडे होताच. सरकारला लष्करी सल्ला देणारा दुसरा अधिकारी नको, तेही आपल्याकडेच असावं, असा त्यांचा आग्रह होता. व्हाइसरॉय कर्झन यांचा त्याला विरोध होता. लंडनने किचनेर यांची बाजू घेतली आणि १९०५मध्ये कर्झन यांनी राजीनामा दिला. हुकूम आणि सल्ला एका हातात असावेत की दोन, हा वाद इतका जुना आहे. सीडीएसचं पद निर्माण करताना भारताने ते दोन हातांत ठेवले, आणि शब्द निवडताना आपण याची बूज राखली पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक दलाला वेगळा कमांडर-इन-चीफ मिळाला. १५ जानेवारी १९४९ला करिअप्पा लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती झाले. इथे मी हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण इथे तो चपखल बसतो. १९५५मध्ये कायदा करून ही उपाधी काढली आणि ‘चीफ ऑफ द आर्मी स्टाफ’ हे नाव आलं. राज्यघटनेच्या ५३व्या अनुच्छेदाने संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिलं आहे, तेव्हा ‘सर्वोच्च सेनापती’ म्हणायचंच तर ते त्यांना.

लष्करप्रमुख आणि सीडीएस या दोन्ही पदांच्या इंग्रजी नावातल्या ‘स्टाफ’चा मात्र आपण विचारच करत नाही. मराठीत स्टाफ म्हणजे शाळेतला, बँकेतला कर्मचारीवर्ग. सैन्यात स्टाफ म्हणजे आखणी करणारे, माहिती जुळवणारे, रसद पाहणारे अधिकारी. प्रत्यक्ष तुकड्या ज्याच्या हाताखाली तो कमांडर. ‘लष्करप्रमुख’ या सुटसुटीत शब्दात हा भेद मावत नाही, आणि मावायची गरजही नाही, कारण लष्करप्रमुखांच्या बाबतीत फौज खरोखर त्यांच्या हाताखाली आहे. सीडीएसच्या बाबतीत तोच भेद कळीचा ठरतो.

‘कमांडर-इन-चीफ’चा अंश आजही जिवंत आहे, तोही आपल्या जवळ. पुण्यात लष्कराच्या दक्षिण विभागाचं मुख्यालय आहे आणि तिथल्या प्रमुखाचं पदनाम आहे ‘जनरल ऑफिसर कमांडिंग-इन-चीफ’. मुंबईत नौदलाच्या पश्चिम विभागाचे प्रमुखही ‘कमांडिंग-इन-चीफ’च. हुकूम, तुकड्या, जहाजं सगळं त्यांच्या हाताखाली. सेनापती शब्दाची हौस असेल तर ‘दक्षिण विभागाचे सेनापती’ हा प्रयोग अर्थाने जास्त बरोबर ठरेल.

मग सीडीएसना काय म्हणावं? ‘संरक्षण दल प्रमुख’ आता रुळलं आहे, तेच ठेवावं. ‘तिन्ही दलांचे प्रमुख’ टाळावं. ते वाचून तिघे वेगळे प्रमुख डोळ्यांसमोर येतात. ‘देशाचे लष्करप्रमुख’ तर नकोच. ३१ डिसेंबर २०१९ला मनोज नरवणे लष्करप्रमुख झाले आणि दुसऱ्याच दिवशी बिपीन रावत यांनी पहिले संरक्षण दल प्रमुख म्हणून सूत्रं घेतली. ही दोन वेगळी पदं होती आणि आहेत.

प्रश्नातल्या ‘सर्वांत वरिष्ठ’बद्दलही एक सांगायला हवं. पद आणि हुद्दा या गोष्टी वेगळ्या. हुद्द्याने सर्वांत वर पाच ताऱ्यांचा फील्ड मार्शल. माणेकशांना तो १९७३च्या जानेवारीत, निवृत्तीच्या तोंडावर मिळाला. करिअप्पांना १९८६मध्ये, निवृत्तीनंतर तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर. हवाई दलात अर्जन सिंग यांना २००२मध्ये तोच मान ‘मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स’ या नावाने दिला गेला. हा हुद्दा तहहयात असतो, म्हणून या तिघांच्या हुद्द्यामागे ‘माजी’ लावू नये. ‘माजी लष्करप्रमुख, फील्ड मार्शल माणेकशा’ असं लिहिलं की पद आणि हुद्दा दोन्ही जागच्या जागी राहतात.