वाचकांचे प्रश्न : पोरगा खोलीतून बाहेरच येत नाही, काय करू?

प्रश्न : ताई, आम्ही बडोद्यात वाडीत राहतो. मुलगा १७ वर्षांचा. नीटमध्ये मार्क कमी आले म्हणून एक वर्ष ड्रॉप घेतलाय. अभ्यास करतो पण बाकी सगळं बंद, जेवणसुद्धा ताट घेऊन खोलीत. मित्रांचे फोन उचलत नाही. मी बॅडमिंटनची फी भरली, गिटारचा क्लास लावला, दोन-चार दिवस जातो आणि सोडतो. विचारलं तर म्हणतो, ''सगळे विचारतात काय करतोस.'' याचे बाबा म्हणतात लाडावलाय. काय करावं कळत नाहीये.

उत्तर : ताई, तुमच्या मुलाने कारण सांगितलंय की हो, त्या एका वाक्यात सगळं आलंय. नवीन बॅचमध्ये गेलं की पहिला प्रश्न कुठलं कॉलेज, कितवं वर्ष, आणि त्याला दरवेळी तोंडाने ''ड्रॉप'' म्हणायला लागतं, समोरचा मग ''अच्छा'' म्हणून दुसरीकडे बघतो. १७ व्या वर्षी हे आठवड्यातून तीनदा कोण सहन करेल? तो आळशी नाहीये, लाडावलेलाही नाही, आणि हे त्याच्या बाबांनाही वाचायला द्या.

म्हणून आता क्लास नको, काम शोधा, म्हणजे जिथे हात चालतात आणि ओळख मागाहून होते अशी जागा. गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीत असाच एक मुलगा होता, कुणाशी न बोलणारा, आई बळेबळे खाली घेऊन आली होती. डेकोरेशन बघणाऱ्या काकांनी त्याला काही म्हणजे काही विचारलं नाही, हातात टेस्टर दिला आणि म्हणाले, ही लाइटची माळ अर्धीच लागतेय, कुठे गेलीये बघ जरा. पोरगा जिन्यात बसून एकेक बल्ब हलवून बघत होता, मध्ये कुणीतरी वाटीत साबुदाण्याची खिचडी आणून ठेवली, ती गार झाली तरी याचं लक्ष नाही, शेवटी तुटलेली वायर सापडली आणि माळ लागली तेव्हा तो जिन्यावरूनच ओरडला, ''काका, बघा!'' नंतरच्या दिवसांत दुसऱ्या विंगमधली माणसंसुद्धा लाइट गेली की ''त्याला बोलवा'' म्हणायला लागली. कुणाला तरी आपली गरज आहे हे त्या वयात पोटभर मिळायला हवं, ते लेक्चरने मिळत नाही.

तुमच्या भागात हे शोधायला लांब जायला नको. जुम्मादादा व्यायाम मंदिर, म्हणजे जुने लोक ज्याला माणिकरावांचा आखाडा म्हणतात, ते एकोणिसाव्या शतकापासून चालत आलंय. व्यायामशाळेत बोलणं चालतं ते पकड, तोल, श्वास यांचं, तिथे नीटचे मार्क कुणाला हवेत! अंगाला कष्ट नको असतील तर मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आहे, सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सुरू केलेली, त्या लोखंडी मांडण्या आणि काचेच्या फरशा त्याने एकदा बघाव्यातच. तबला-पेटीची आवड असेल तर विद्यापीठाचं संगीत महाविद्यालय आहे, १८८६ ची गायनशाळा ती हीच. वेळा, प्रवेश, फी सगळं आधी तुम्ही जाऊन विचारून या, त्याला चौकशीला पाठवू नका.

आणि पहिल्या दिवशी त्याला एकटं पाठवू नका, ही माझी सगळ्यात मोठी विनंती. आई-वडिलांबरोबर जायला या वयात लाज वाटते, तर मामा, चुलतभाऊ, शेजारचा दादा, जो त्याला आवडतो तो. त्याने नुसतं सोडून यायचं नाही, तिथे थांबायचं, शक्य असेल तर स्वतःही दोन जोर मारायचे. शिकवणाऱ्यांना आधी बाजूला घेऊन सांगा की याला रिझल्टचं विचारू नका, एखादं छोटं काम द्या, चटया घालायचं किंवा हजेरी लिहायचं, काहीही.

इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेने २०१९ पासून नेमकं हेच मोठ्या प्रमाणावर सुरू केलंय. एकटेपणाने किंवा मन खचल्याने आलेल्या पेशंटला डॉक्टर ''लिंक वर्कर'' नावाच्या माणसाकडे पाठवतात, तो निवांत बसून विचारतो की तुला कशात बरं वाटतं, मग बागकाम, गाणं, चालण्याचा ग्रुप, जे जवळ असेल त्याच्याशी जोडून देतो आणि गरज पडली तर पहिल्या वेळी बरोबर जातो. आपल्याकडे असा माणूस दवाखान्यात मिळणार नाही, पण मामा आहे ना.

घरी आला की ''कसं वाटलं?'' विचारू नका, ''जेवायला वाढू?'' एवढंच. महिना-दीड महिना तरी काही निष्कर्ष काढू नका. मोबाइलवर गेम खेळणारे मित्र असतील तर त्यांना शिव्या देऊ नका, आत्ता त्याच्याजवळ तेवढेच आहेत.

एक गोष्ट मात्र यात मिसळू नका. झोप पूर्ण उडाली, खाणं सुटलं, आंघोळ-कपड्यांचं भान राहिलं नाही, किंवा ''मी नसतो तर बरं झालं असतं'' असं एकदा जरी बोलला तर आखाडा-लायब्ररी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर. सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, आणि रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट लागतो. त्याला एकटं ठेवू नका. उपचार चालू झाले की आखाडा बरोबरीने पुन्हा सुरू करता येतो, पण उपचारांच्या जागी नाही.

प्रश्न : मी २३ वर्षांचा, जळगावकडचा, मकरपुरा जीआयडीसीत नोकरी, मांजलपूरला रूम. रविवारी दिवसभर झोपतो, बोलायला कुणी नाही. गुजराती समजते पण बोलता येत नाही. घरी सांगितलं तर म्हणतात लग्न कर.

उत्तर : अरे, लग्नाचं राहू दे सध्या. तुला वाटतंय तसं तू एकटाच असा नाहीयेस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात १३ ते २९ वयाच्या मुलामुलींपैकी १७ ते २१ टक्क्यांनी एकटं वाटतं असं सांगितलंय. त्यातले कितीतरी तुझ्यासारखेच नोकरीसाठी दुसऱ्या गावी आलेले असणार.

रविवारी सकाळी झोपेतून उठून एकाच ठिकाणी जायचं, दर आठवड्याला, त्याच वेळेला. दहा ठिकाणी एकदा जाण्यापेक्षा एका ठिकाणी दहादा गेलास तर चेहरे ओळखीचे होतात, चहावाला विचारतो गेल्या रविवारी का नाही आला, आणि सुरुवात तिथूनच होते. कमाटीबागेत सकाळी चालणाऱ्यांचे, योगा करणाऱ्यांचे ग्रुप असतात, मागे उभा राहा, हळूहळू ''येऊ का?'' विचार. थंडीत डभोईजवळच्या वढवाणा तळ्यावर पक्षी बघायला लोक जातात, बाहेरदेशातून येणारी बदकं आणि राजहंस तिथे उतरतात, २०२१ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. बडोद्यातल्या पक्षीप्रेमींबरोबर एकदा गेलास की जायला-यायला गाडीत गप्पा होतातच आणि पक्ष्यांची नावं शिकताना कुणी तुझी गुजराती तपासत नाही.

मराठी मंडळी इथे भरपूर आहेत, दांडिया बाजार-रावपुऱ्याकडे जा, अख्खा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा मांडव २०१८ मध्ये बडोद्यात पडलाय. पण फक्त मराठीत राहू नकोस. नवरात्राच्या आधी गरबा शिकवणारे वर्ग लागतात, तिथे नवशिक्यांचीच गर्दी असते आणि सगळेच चुकतात. सेव उसळ खायला मग आपोआप चौघं निघतील. गुजराती तिथेच येईल, पुस्तकातून नाही येणार.

आणि कधी फारच जड झालं तर १४४१६ तुझ्यासाठीही आहे, मराठीत बोलायचंय असं सांग.

प्रश्न : आमचं गणपती मंडळ जुनं आहे. तरुण पोरं दहा दिवस येतात, नाचतात, मग गायब. त्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी काही करावं असं कमिटीला वाटतं. मानसोपचारतज्ज्ञांचं व्याख्यान ठेवावं का? — एक कार्यकर्ते, वय ५८

उत्तर : काका, असं वाटणारी कमिटी आहे हेच वाचून खूप बरं वाटलं. व्याख्यान ठेवा हवं तर, पण ज्याला गरज आहे तो त्या दिवशी येणार नाही, आलाच तर शेवटच्या खुर्चीवर बसून निघून जाईल.

त्यापेक्षा विसर्जनानंतरचे महिने बघा. मंडळाकडे जागा आहे, ढोल आहेत, थोडे पैसे आहेत, आणि वर्षातले साडेअकरा महिने त्याला कुलूप असतं. ते उघडा. किल्ली पोरांकडे द्या, खरोखरची किल्ली, आणि थोडं बजेट द्या आणि कशावर खर्च करायचं ते त्यांना ठरवू द्या. ते कदाचित कॅरम आणतील, तुमच्या मनात रक्तदान असेल, तरी कॅरम आणू द्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्या भागात जेवणाची पाकिटं पोचवायला कोण धावलं होतं आठवा, हीच पोरं, जी तुमच्या मते फक्त नाचतात. त्यांना कामाला घेतलं की ती येतात, बोलावून घेतलं की नाही येत.

मुलींसाठी वेगळं बोलते, कारण बऱ्याच मंडळांत त्यांच्या वाट्याला रांगोळी आणि प्रसाद एवढंच येतं. कमिटीत दोन मुली घ्या, आणि संध्याकाळची वेळ अशी ठेवा की त्यांच्या घरून हो म्हणतील. घरी सोडायला कुणी आहे का हा प्रश्न आईवडील विचारायच्या आत तुम्ही सोडवा.

आणखी एक माणूस नेमा, पद नको, हार नको. पंचविशी-तिशीतला, शांत, ज्याच्याशी पोरं बोलतात असा. त्याचं काम एवढंच की कोण यायचं बंद झालंय ते बघायचं आणि दोन-तीन आठवडे दिसला नाही तर त्याच्या घरी जाऊन बेल वाजवायची. व्हॉट्सॲपवर ''कुठे आहेस'' टाकून भागत नाही. घरात काय चाललंय ते त्याने कमिटीत सांगायचं नाही, आणि प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचं दिसलं तर वर लिहिलेल्या हॉस्पिटलमध्ये त्या मुलाबरोबर स्वतः जायचं. या माणसाचा पेट्रोलचा आणि चहाचा खर्च मंडळाने उचलायचा, हे पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यात पहिल्या नंबरला घ्या, वर्गणीच्या हिशेबाच्या आधी.