३०० ओहमच्या हेडफोनला ६८ हजारांचा अ‍ॅम्प लागतो का?

तुमचं पत्र थोडक्यात असं: वय ३१, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम, हातात ३८ हजार पगार, घरखर्च २४ हजार, ३ हजारांची एसआयपी, बचत खात्यात ४५ हजार. पुण्याहून आणलेला सेन्हायझर एचडी ६०० हेडफोन मोबाइलच्या डोंगलवर (फोनला हेडफोन जोडणारा छोटा तुकडा) दबलेला वाजतो. म्हणून ६ वॅटचा, ६८ हजारांचा अ‍ॅम्प (हेडफोनला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) १२ बिनव्याजी हप्त्यांत घ्यावा का?

हप्त्यांवर घेऊ नका. अ‍ॅम्प घ्या, पण छोटा.

आधी ताकदीचा हिशेब करू, कारण पैशाचा निर्णय त्याच्यावरच उभा आहे. हेडफोन ३०० ओहमचा, म्हणजे विजेला त्याचा विरोध जास्त. १ मिलिवॅटला तो ९७ डेसिबल देतो असं धरा. ख्याल ऐकताना आलाप हळू चालतो आणि द्रुतात आवाज एकदम चढतो, म्हणून क्षणभराच्या टोकासाठी ११० डेसिबलची सोय ठेवू. दर १० डेसिबलला ताकद दहापट लागते, ३ डेसिबलला दुप्पट. म्हणजे ९७ च्या वरच्या १३ डेसिबलसाठी साधारण २० मिलिवॅट, व्होल्टमध्ये अडीच. तुमचं डोंगल १ व्होल्टचं असेल तर ते १०२ डेसिबलला थांबतं. ४ व्होल्ट देणारा साधा टेबलावरचा अ‍ॅम्प ११४ पर्यंत जातो, आणि तसा दहा-बारा हजारांत मिळतो.

६ वॅट हा आकडा बहुधा ३२ ओहमवरचा असतो. ३०० ओहमवर त्यातले जेमतेम ०.६४ वॅट उरतात, आणि तेही तुमच्या गरजेच्या बत्तीस पट. हायफायमॅन एचई-६ सारखा, मिलिवॅटला ८३.५ डेसिबलच देणारा हेडफोन असता, तर तितक्याच आवाजासाठी ४५० मिलिवॅट लागले असते आणि मी वेगळं बोललो असतो.

आणखी एक. तुम्ही पूर्व भागात राहता, भिंतीपलीकडे यंत्रमाग. एचडी ६०० ओपन-बॅक, म्हणजे मागून उघडा आहे, बाहेरची खटखट सरळ आत येते. हळू स्वर त्यात बुडतात आणि हात आवाज वाढवायला जातो. ते कुठलाच अ‍ॅम्प दुरुस्त करत नाही. माग बंद असतील त्या दिवशी तेच डोंगल लावून ऐका, दबलेपणा किती उरतो ते बघा. कानांची मला खरंच काळजी वाटते: जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास आहे.

आता हप्ता. महिन्याला ५,६६७, म्हणजे तुमच्याकडे उरणाऱ्या ११ हजारांतला निम्म्याहून जास्त. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज किमतीत किंवा सुटलेल्या सवलतीत दडतं. क्रेडिट कार्डावर प्रोसेसिंग शुल्क आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटीही लागतो.

तुमच्या हाताशी दोन महिन्यांचाही खर्च नाही. कारखान्यात ऑर्डरी कमी झाल्या तर? सहा महिन्यांचे १ लाख ४४ हजार हवेत. तोच हप्ता आवर्ती ठेवीत टाका: वर्षभरात, व्याज न धरताही, तुमच्या ४५ हजारांचे १ लाख १३ हजार होतील. छोटा अ‍ॅम्प दिवाळीच्या बोनसमधून, रोखीनं घ्या. दुकानदाराला एवढंच विचारा: ३०० ओहमवर किती व्होल्ट देतो? आकडा सांगता आला नाही, तर दुसरं दुकान बघा.