इंग्रजीत गायक-नर्तकांना 'आर्टिस्ट' लिहायचं की शेवटी ई लावायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कार्यक्रमाचं इंग्रजी माहितीपत्रक करताय, त्यात गायिका आहे, नर्तक आहेत, जादूगार आहे आणि नेपथ्य रंगवणारा चित्रकारही आहे. या सगळ्यांना साधा 'आर्टिस्ट' (artist) लिहायचा की शेवटी इंग्रजी ई हे अक्षर असलेला (artiste)? आणि तो ईवाला शब्द फक्त बायकांसाठी असतो का?

आधी शेवटचं निकालात काढू. नाही, बायकांसाठी नसतो. तो शब्द जशाच्या तसा फ्रेंच आहे आणि फ्रेंचमध्ये तो पुरुषालाही तोच, स्त्रीलाही तोच. बदलतं ते त्याच्या आधीचं उपपद. इंग्रजीत 'ब्लाँड'सारख्या शब्दाला स्त्रीच्या बाबतीत ई लावतात, 'अ‍ॅक्टर'चं 'अ‍ॅक्ट्रेस' करतात, त्यावरून इथेही तसंच असणार असं लोक धरून चालतात. माहितीपत्रकात गायकाला बिनईचा आणि गायिकेला ईवाला शब्द लावलात, तर ते सरळसरळ चूक दिसेल.

आता मुख्य गोष्ट. बिनईचा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकापासून आहे. पुढे तो चित्रकार-शिल्पकारांना इतका चिकटला की रंगमंचावरच्या माणसासाठी वेगळा शब्द हवासा वाटू लागला, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोच फ्रेंच शब्द ई न काढता पुन्हा उचलला. त्यामुळे ईवाल्या शब्दाचा अर्थ अगदी अरुंद आहे: लोकांसमोर कला सादर करणारा व्यावसायिक, म्हणजे गायक, नर्तक, नट, सर्कशीतला झुल्यावरचा खेळाडू. साध्या शब्दाची पिशवी मात्र पुन्हा मोठी होत गेली आणि आज त्यात हे सगळे मावतात. म्हणून धोका एकाच बाजूला आहे. गायिकेला बिनईचा शब्द लावलात तर कोणी चूक काढणार नाही. चित्रकाराला ई लावलात तर ती चूकच. अडलं की ई गाळा.

उच्चारही वेगळे आहेत. साध्या शब्दात जोर पहिल्या 'आर'वर आणि 'टि' ऱ्हस्व. ईवाल्यात जोर दुसऱ्या भागावर आणि 'टी' चांगला लांब: आर-टीस्ट. शेवटचा ई मुका, 'आर्टिस्टे' नव्हे. निवेदकाच्या हातात इंग्रजी मजकूर देणार असाल तर हे त्याला आधी सांगून ठेवा, कारण लिहिताना ई लावायचा आणि बोलताना साधा शब्द म्हणायचा, हे सर्रास होतं. (खाली मी बिनईचा 'आर्टिस्ट' आणि ईवाला 'आर्टीस्ट' असं लिहितो, वेलांटीकडे लक्ष ठेवा.)

कुठल्या वाचकासाठी लिहिताय यावरही बरंच ठरतं. ब्रिटिश आणि भारतीय इंग्रजीत आर्टीस्ट सरळ, आदराचा शब्द म्हणून चालतो. भारतीय वर्तमानपत्रांत तर नृत्य-संगीताच्या बातम्यांत तो भरपूर दिसतो आणि मुंबईतल्या चित्रपट-दूरचित्रवाणी कलाकारांच्या संघटनेच्या इंग्रजी नावातही तोच आहे. अमेरिकेत मात्र तो जुनाट किंवा नाटकी वाटतो. तिथे एखाद्याला आर्टीस्ट म्हटलं की 'स्वतःला फार मोठा कलावंत समजतो' असा टोमणाही ऐकू येऊ शकतो. १९१९ साली चार्ली चॅप्लिन, मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी काढलेल्या कंपनीचं नाव 'युनायटेड आर्टिस्ट्स', आणि त्यात ई नाही. पाहुणे किंवा देणगीदार अमेरिकेतले असतील तर आर्टीस्ट वापरूच नका.

काही जोडशब्द तर ठरूनच गेलेले आहेत, त्यांना हात लावायचा नाही. 'मेकअप आर्टिस्ट', 'टॅटू आर्टिस्ट', पडद्यामागचे आवाज करणारा 'फोली आर्टिस्ट', 'स्टोरीबोर्ड आर्टिस्ट', हे सगळे बिनईचे, कारण ही माणसं प्रेक्षकांसमोर उभी राहत नाहीत. मेकअपवाल्याला ई लावलेला पुष्कळदा दिसतो. शब्द भारदस्त दिसावा म्हणून तो लावतात, पण तिथे तो बसत नाही. भामट्याला म्हणतात तो 'कॉन आर्टिस्ट', तोही बिनईचा (त्याचं काम खरं तर प्रेक्षकांसमोरच चालतं, पण असो). ध्वनिमुद्रण व्यवसायातही सगळीकडे साधा शब्दच आहे: 'रेकॉर्डिंग आर्टिस्ट', गाण्याच्या फाइलीतला 'आर्टिस्ट'चा रकाना, 'स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स'. ई अजून घट्ट टिकून आहे तो 'व्हरायटी आर्टीस्ट', 'ट्रॅपीझ आर्टीस्ट' असल्या जुन्या रंगमंचीय आणि सर्कशीतल्या शब्दांत, आणि तिथेही साधा शब्द चालतोच.

मग 'एंटरटेनर' का नको? हा शब्द कलेपेक्षा करमणुकीवर बोट ठेवतो. जादूगार, विनोदवीर, मुलांच्या वाढदिवसाला खेळ करणारा, जहाजावर रोज संध्याकाळी कार्यक्रम करणारा, यांना तो चपखल बसतो. ख्याल गाणाऱ्या गायिकेला एंटरटेनर लिहिलंत तर ती नाराज होईल, आणि तिचं बरोबर असेल. शिवाय त्याच्या आधी 'अ‍ॅडल्ट' लागलं की अर्थ भलतीकडे जातो; फक्त मोठ्यांसाठी असलेल्या विनोदी कार्यक्रमाच्या जाहिरातीत हे दोन शब्द शेजारी येणार नाहीत याची काळजी घ्या. सर्वांत निरुपद्रवी शब्द 'परफॉर्मर'. त्यात मान कमी-जास्त होत नाही, चित्रकार आपोआप बाहेर राहतो आणि कायद्यातही तोच चालतो. भारताच्या कॉपीराइट कायद्यातल्या 'परफॉर्मर'च्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, हातचलाखी करणारा, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा हे सगळे नाव घेऊन येतात.

करार किंवा कराचे कागद असतील तर चवीनुसार शब्द बदलू नका. दोन देशांतल्या करविषयक करारांसाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेचा जो नमुना आहे, त्याच्या सतराव्या कलमाचं शीर्षक आधी 'आर्टीस्ट्स अँड स्पोर्ट्समेन' होतं. २०१४ मध्ये ते 'एंटरटेनर्स अँड स्पोर्ट्सपर्सन्स' झालं. गंमत म्हणजे कलमाच्या आत रंगभूमी, चित्रपट, रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या संदर्भात ईवाला शब्द अजून तसाच आहे. त्यावरच्या अधिकृत भाष्यानुसार कॅमेरामन, निर्माते, दिग्दर्शक, नृत्यदिग्दर्शक, तंत्रज्ञ या कलमात येत नाहीत. म्हणजे परदेशी पथकातल्या ध्वनितंत्रज्ञाला तुम्ही मानाने आर्टीस्ट लिहिलंत, तर कर कोणत्या कलमाखाली लागतो यावर विनाकारण वाद उभा राहू शकतो. अशा कागदात मूळ करारातला शब्द अक्षरशः उतरवा.

छपाईच्या वेळची एक भानगड. दोन्ही शब्द शब्दकोशात असल्यामुळे स्पेलचेकर काहीच दाखवत नाही. एका पानावर ई असलेला आणि दुसऱ्यावर नसलेला, असा मजकूर बिनबोभाट छापून येतो. मग घाईत कोणीतरी 'फाइंड अँड रिप्लेस' चालवतं आणि 'आर्टिस्टिक'च्या पोटात ई घुसतो, 'आर्टिस्ट्री'चंही तेच, आणि जिथे ई आधीच होता तिथे दोन होतात. बदल करताना 'होल वर्ड्स ओन्ली'ची खूण करा आणि एकवचन-अनेकवचन वेगवेगळं चालवा. तरीही 'मेकअप'नंतरचा शब्द त्यात सापडतोच, तेव्हा 'रिप्लेस ऑल' न दाबता एकेक ठिकाण बघून पुढे जा. अनेकवचनात ई आधी, मग एस. कलाकारांच्या खोलीची पाटी करायची असेल तर अपॉस्ट्रॉफी त्या एसच्या नंतर येते. आधी आली तर खोली एकाच कलाकाराची होते. एकवचनाआधी दोन्ही शब्दांना 'अ‍ॅन' लागतं.

तुमच्या माहितीपत्रकात मी असं करेन: प्रत्येक नावाखाली नेमका शब्द, म्हणजे 'व्होकलिस्ट', 'डान्सर', 'मॅजिशियन', 'पेंटर'. नेमका शब्द मिळत असताना कलाकार-कलाकार करण्यात अर्थ नसतो. सगळ्यांचा एकत्र उल्लेख येतो तिथे बिनईचा 'आर्टिस्ट्स', कारण चित्रकार त्यात आहे. फक्त रंगमंचावरच्यांबद्दल बोलायचं असेल तर 'परफॉर्मर्स'. आर्टीस्ट वापरायची फारच हौस असेल तर त्याच शेवटच्या जागी वापरा, आणि मग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्या अर्थाने तोच ठेवा.