मुलगी कार्यक्रम नेमका कुठे थांबवते?

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरहून पाठवलेले आपले पत्र मी दोनदा वाचले. आपली मुलगी अकरावी वाणिज्य शाखेत आहे, वर्षभरापासून ‘प्रोजेक्ट रनवे’ या अमेरिकी स्पर्धेचे भाग पाहते आहे आणि आता फॅशन डिझाइनच शिकायचे म्हणते. आपणही तिच्यासोबत बरेच भाग पाहिलेत. एका दिवसात पोशाख शिवायला लावणे हा कलेशी चाललेला खेळ आहे, परीक्षक नवख्यांचा पाणउतारा करतात आणि जिंकलेल्यांचे पुढे काय होते ते कळत नाही, असे आपले मत झाले आहे. तिच्या वडिलांना ती बी.कॉम. व्हावी असे वाटते. अशा कार्यक्रमाच्या भरवशावर मुलीला या क्षेत्रात जाऊ द्यावे का, हा आपला प्रश्न आहे.

पत्राच्या शेवटी आपण सहज म्हणून एक गोष्ट लिहिली आहे: परीक्षकांचे बोलणे आले की मुलगी भाग पुढे पळवते आणि कापड कापण्याचे दृश्य आले की थांबवून, मागे नेऊन पुन्हा पाहते. मला आपल्या पत्रातली ही सर्वांत महत्त्वाची ओळ वाटली. झगमगाटाने भुललेली मुले याच्या नेमके उलट वागतात. मॉडेल चालू लागल्या की त्यांचे लक्ष जागे होते. आपल्या मुलीचे लक्ष कात्रीवर आहे.

घाईबद्दलचा आपला आक्षेप मला निम्मा पटतो. डिसेंबर २००४ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पहिल्याच भागात स्पर्धकांना किराणा दुकानातल्या वस्तूंपासून पोशाख करायला सांगितले होते आणि मक्याच्या कणसांच्या सालींपासून केलेला पोशाख जिंकला होता. असा पोशाख कोणी अंगावर घालून बाहेर जाणार नाही, हे खरे आहे. तरीही हातात आलेली वस्तू कशी वळते, कुठे फाटते आणि तिला आकार कसा येतो हे ओळखण्याची ती परीक्षा होती. आपल्याकडे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या, म्हणजे निफ्टच्या, बी.डेस. (डिझाइनची पदवी) प्रवेशासाठी जी सिच्युएशन टेस्ट होते, तिच्यातही दिलेल्या साहित्यातून ठरलेल्या वेळेत प्रतिकृती उभी करावी लागते.

परीक्षकांच्या बोचऱ्या शेऱ्यांचे समर्थन मी करणार नाही. मात्र ‘हे असे का केलेस?’ हा प्रश्न या व्यवसायात रोज विचारला जातो आणि त्याचे शांतपणे उत्तर देणे शिकावेच लागते. पहिल्या अनेक पर्वांत स्पर्धकांना मार्गदर्शन करणारे टिम गन हे न्यूयॉर्कच्या पार्सन्स या संस्थेत फॅशन विभागाचे प्रमुख होते. ते टेबलाजवळ उभे राहून आधी स्पर्धकाला बोलते करत आणि मग शंका मांडत. मुलीला परीक्षकांपेक्षा हे प्रसंग मन लावून पाहायला सांगावे.

कार्यक्रम जे दाखवत नाही, त्याची मला अधिक काळजी वाटते. तिथे एका पुतळ्यावर बेतलेला पोशाख एकाच मॉडेलच्या अंगावर बसवला की काम संपते. कारखान्यात खरे काम त्यानंतर सुरू होते: तो नमुना लहान-मोठ्या सर्व मापांत उतरवायचा, प्रत्येक मापात मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडली जाते तो भाग, नीट बसतो का ते पाहायचे, एका नगाला किती कापड लागेल आणि किती वाया जाईल याचा हिशेब मांडायचा, अस्तर, बटणे आणि शिलाई धरून किंमत काढायची आणि मग शेकडो नग सारखेच उतरतील याची काळजी घ्यायची. आपण सोलापुरात राहता, हे मुलीचे भाग्य आहे. गणवेश शिवणारे कारखाने आपल्या शहरात आहेत. ओळखीने परवानगी काढून तिला तीन-चार दिवस तिथल्या कटिंग मास्टरांच्या शेजारी उभे राहू द्यावे. कापडाचे थरावर थर अंथरून कापणी होताना पाहिल्यावरही तिचा उत्साह टिकला, तर तो या कामाविषयीचा उत्साह आहे असे समजावे.

विजेत्यांविषयी एवढेच लिहितो की त्यांच्या वाटा निरनिराळ्या झाल्या. पहिल्या पर्वाचे विजेते जे मॅककॅरोल यांनी करारातील अटींमुळे बक्षिसाची रक्कमच स्वीकारली नाही. चौथ्या पर्वाचे विजेते ख्रिश्चन सिरियानो २००८ मध्ये जिंकले तेव्हा जेमतेम २२ वर्षांचे होते, पुढे त्यांनी स्वतःचे नाव उभे केले आणि २०१९ पासून ते याच स्पर्धेत मार्गदर्शक म्हणून आले. स्पर्धेत उतरण्यापूर्वी लंडनमध्ये त्यांचे रीतसर शिक्षण झाले होते आणि नामांकित डिझायनरांकडे उमेदवारीही झाली होती, हे मुलीला अवश्य सांगावे.

आता वडिलांच्या आग्रहाविषयी. निफ्टच्या बी.डेस.साठी बारावी कोणत्याही शाखेतून चालते, त्यामुळे वाणिज्य शाखा सोडण्याची गरज नाही. उलट किंमत काढणारा आणि जमाखर्च कळणारा डिझायनर कारखानदारांना हवाच असतो. अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे आणि मुंबईचे केंद्र खारघरला आहे. खर्चाचा विचार करताना शुल्काबरोबर वसतिगृह, कापड आणि साहित्य यांचाही हिशेब धरावा. वस्त्ररचना (कापडाचे डिझाइन), निटवेअर (स्वेटर, टी-शर्टसारखे विणीचे कपडे), फॅशन कम्युनिकेशन (फॅशनची मांडणी आणि प्रसिद्धी) असे इतर विभागही तिने पाहून ठेवावेत. ‘फॅशन’ म्हणजे केवळ पोशाख रेखाटणे, हा समज बऱ्याच घरांत असतो. प्रवेश मिळाला नाही तर आयटीआयमधील एक वर्षाचा शिवणकामाचा अभ्यासक्रम हा कमीपणाचा मार्ग मानू नये. ज्याला स्वतः शिवता येते, त्याला मास्टर फसवू शकत नाही.

निर्णय आजच घेऊ नका. येत्या सुट्टीत मुलीला पाच मीटर मांजरपाट आणून द्या आणि तिच्या स्वतःच्या मापाचा एक कुडता बेतायला, कापायला आणि शिवायला सांगा. तयार नमुना कुठूनही आणू नये. पहिल्यांदा तो बहुधा बिघडेल, बाही चढणार नाही किंवा गळा ओढला जाईल. तो उसवून ती दुसऱ्यांदा बसते का, हे पाहा आणि तो कुडता घेऊन मला भेटायला या. वडीलही सोबत आले तर फार बरे होईल.

आपला,
करिअर मार्गदर्शक