पाहिलं कोणी, ऐकलं कोणी?

प्रश्न : बाई, मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘पुण्यातील प्लेग’ या विषयावर तीन हजार शब्दांचा निबंध द्यायचाय, सहा आठवड्यांत. ‘केसरी’च्या जुन्या अंकांचे पन्नासेक फोटो मोबाइलमध्ये आहेत, पण सुरुवातच होत नाही. सर म्हणतात, प्राथमिक साधनं वापर. म्हणजे त्या काळात लिहिलेलं ते खरं, असं धरून चालायचं ना? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : शेवटाकडून सुरू करते, कारण गोची तिथंच आहे. नाही धरायचं.

१८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढं साक्ष द्यायला विलायतेत गेले होते. पुण्याहून त्यांना पत्रं येत. प्लेगचे रोगी शोधायला घरं तपासताना गोरे सोल्जर बायकांवर अत्याचार करतात, असं त्यांत होतं. गोखल्यांनी ते तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं. परत आल्यावर आरोप शाबीत करता येईनात, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. आता ती पत्रं तुझ्या हाती लागली, तर प्राथमिक साधन ठरतील का? ठरतीलच, त्याच उन्हाळ्यातली, पुण्यातच लिहिलेली. पण लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिलं होतं, की पलीकडच्या आळीतून त्याच्या कानावर आलं होतं? आणि उलट बाजूनंही बघ. माफी मागितली म्हणजे काही घडलंच नाही, असं होत नाही. त्या काळात कुठली बाई साहेबासमोर उभी राहून हे सांगणार होती? ‘पुरावा मिळाला नाही’ आणि ‘घडलं नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. हे एवढं नीट मांडलंस तरी निम्मा निबंध झाला.

‘पुण्यातील प्लेग’ हा विषय फार ऐसपैस आहे. मार्च ते मे १८९७ मधली घरतपासणी एवढंच घे. तिच्याबद्दल तीन जण बोलतात. ‘केसरी’ आपल्या वर्गणीदारांसाठी लिहितो. ही तपासणी करवणारा गोरा अधिकारी रँड, त्याच्या प्लेग समितीचा अहवाल वरच्या साहेबांसाठी आहे. आणि रँडच्या खुनासाठी फाशी गेलेल्या दामोदर चापेकरांचं आत्मवृत्त तुरुंगात लिहिलेलं, म्हणजे सगळं होऊन गेल्यावरचं. वहीत आडवं पान घेऊन चार रकाने आख : तारीख, कोण, कोणासाठी, पाहिलं की ऐकलं. प्रत्येक फोटोला एक ओळ. शेवटचा रकाना पुष्कळदा रिकामा राहील. राहू दे, त्यावरच लिहायचंय.

तारखेच्या रकान्यात मात्र आळस नको. रँडवर गोळी झाडली गेली ती २२ जूनच्या रात्री, आणि तो वार होता मंगळवार, तेव्हा साप्ताहिक असलेला ‘केसरी’ निघायचा तोच दिवस. त्या तारखेच्या अंकात खुनाची बातमी शोधत बसू नकोस, पुढचा अंक २९ जूनचा. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा अग्रलेख तर ६ जुलैचा, म्हणजे गोळ्या झाडल्यावर दोन आठवड्यांनी आलेला. हा अग्रलेख वाचून चापेकर पेटले, असं लिहिणारे पेपर मी दर वर्षी तपासत आले. लाल पेन झिजलं, पण वाक्य काही गेलं नाही.

वेळेचं म्हणशील तर पहिले तीन आठवडे फक्त ते रकाने भर. मग मधला भाग लिही, प्रस्तावना अगदी शेवटी. टिळक कोण होते यावर दोन पानं खर्चू नकोस, सरांना माहीत आहे.

प्रश्न : आमच्या घरी मोडी कागद सापडले. मोडी मला वाचता येते, पण साल कळत नाही. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे काय? – एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

उत्तर : हे सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत वापरली जाणारी कालगणना. आकडा अरबी शब्दांत आणि एककाकडून लिहिलेला असतो : एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणून महिना आधी बघा. ‘छ’ या खुणेपुढचा आकडा ही चांद्र तारीख, आणि तिच्यानंतर मुसलमानी महिन्याचं नाव.

मी हे शिकले ते फजिती होऊन. माझ्या पहिल्याच निबंधात याच सालाचं, छ २० जमादिलाखरचं एक पत्र होतं. मी डोळे झाकून ५९९ मिळवले आणि जानेवारी १७६० लिहून मोकळी झाले. पत्रात पानिपतावर पडलेल्यांचा शोक होता. लढाई १४ जानेवारी १७६१ची. सरांनी समासात पेन्सिलनं एवढंच लिहिलं : ‘रडायला वर्षभर आधीच बसले होते काय?’